बॅजर्स हरतील या भरवशावर

खात्रीने हरणारा संघ ही देवाने एखाद्या गावाला दिलेली सर्वांत मोठी देणगी होय. जिंकणाऱ्यांना उद्याचा भरवसा नसतो. हरणाऱ्यांना पुढच्या महिन्याचे बेतसुद्धा निर्धास्त आखता येतात. हा सिद्धान्त नेस्तर पावलिशिनने मुलीच्या लग्नाच्या पत्रिका टपालात टाकल्या त्या दिवशी मांडला, आणि तो जेमतेम तीन आठवडे टिकला.

नेस्तर ड्राय फोर्कच्या रिंकवर बर्फ करायचा. सप्टेंबरात कंप्रेसर सुरू करून सिमेंटच्या फरशीखालच्या नळ्यांतून थंडगार मिठाचं पाणी खेळवायचं, वरून पाणी शिंपून थरावर थर चढवायचे, त्यांत लाल-निळ्या रेघा ओढायच्या, आणि मग मार्चअखेरपर्यंत गाडीवर बसून तो बर्फ खरवडत आणि गरम पाण्याने सारवत राहायचं. मार्चअखेरपर्यंतच, कारण मार्चअखेरीस बॅजर्स हरत.

ड्राय फोर्क बॅजर्स हा आमचा हॉकीचा संघ. व्यावसायिक संघ होता, म्हणजे खेळाडूंना पगार मिळायचा. पण त्यांतले निम्मे उन्हाळ्यात घरांची छपरं दुरुस्त करताना दिसायचे. दर वर्षी बॅजर्स आठव्या नंबरावर लटकत कसेबसे बाद फेरीत शिरत. आठव्याची गाठ पहिल्याशी पडे. सातपैकी चार सामने जिंकेल तो पुढे, असा नियम. पण आमच्याकडे चारांतच आटपायचं. पाचव्या सामन्याची तिकिटं संघ छापतच नसे. मग नेस्तर कंप्रेसर बंद करी, बर्फ वितळे, आणि रिंकचा हॉल होई. तिथे वळूंचा लिलाव होई, शाळेचा निरोपसमारंभ होई, लग्नं होत.

पावलिशिनांच्या घरचं लग्न म्हणजे चारशे माणूस. चर्चच्या तळघरात दीडशे मावतात, तेही जेवले नाहीत तर. तालुक्याच्या गावी चांगला हॉल मिळत होता, पण मुलीने, ल्युबाने, तो पाहायलासुद्धा नकार दिला. ती सात वर्षांची असताना बापाच्या मांडीवर बसून बर्फाच्या गाडीतून फेऱ्या मारायची. तेव्हा एकदा रिंकच्या मध्यावरची लाल रेघ दाखवून नेस्तर म्हणाला होता, "तुझ्या लग्नात आपण दोघं इथे नाचू. बरोब्बर इथे." मुलांशी बोलताना माणसं असं काहीबाही बोलतात. ल्युबाने ते लक्षात ठेवलं होतं.

"तुझ्या रिंकमध्ये, बाबा. नाहीतर मी आणि मार्को सरकारी कचेरीत जाऊन सह्या करून येतो. बस बोंबलत."

तेव्हा एप्रिलातला दुसरा शनिवार ठरला. बॅजर्सच्या चौथ्या पराभवानंतर चांगले दहा-अकरा दिवस हातात राहत होते.

"आणि जिंकले तर?" नेस्तरच्या बायकोने, इर्काने विचारलं.

नेस्तर तेव्हा जेवत होता. त्याला असं काही हसू फुटलं की बटाटा भरलेली उकडलेली पेरोगी घशातच अडकली, आणि इर्काला उठून पाठीत गुद्दे घालावे लागले. तिने ते मनापासून घातले.

त्या वर्षी पहिल्या नंबरावर फोर्ट कॅलम कमांडर्स होते. मोठ्या शहराचा संघ, पोरं सगळी विशीतली, पाकोळ्यांसारखी बर्फावरून जायची. आमच्या बॅजर्सचा कप्तान हर्ब ओलेनिक चाळिशीला टेकलेला, आणि त्याचे गुडघे त्याच्याही पुढे गेलेले. पहिले दोन सामने फोर्ट कॅलमला झाले. सात-एक आणि सहा-शून्य. नेस्तरने ते रेडिओवर ऐकले आणि त्यांच्या तालावर मांडवाची कमान रंगवली. तिसरा सामना आमच्याकडे. पाच-शून्य. नेस्तर घरी जाताना शीळ घालत होता. गावात हे एक-दोघांनी पाहिलं, पण धक्क्याने माणूस असंही करतो म्हणून सोडून दिलं.

चौथा सामना मंगळवारी होता. सकाळी नेस्तर बर्फाकडे बघत उभा राहिला. वेळ पुष्कळ होता. पण लग्नाच्या मुलीच्या बापाला वेळ पुष्कळ आहे असं कधी वाटत नाही. बर्फ चांगला बोटभर जाड होता. आज रात्री सगळं संपणारच आहे, तर सुरुवात आत्ताच केली तर कुणाचं काय जातंय? त्याने कंप्रेसर जरासा उतरवला. अगदी जरासा.

संध्याकाळपर्यंत बर्फ मऊ पडला. खेळ सुरू झाला आणि दहा मिनिटांत त्यावर ओलसर चुऱ्याचा लगदा साचला. हॉकीत जिच्यासाठी एवढी मारामारी चालते ती काळी रबरी चकती त्या लगद्यात रुतून बसू लागली. कमांडर्सची पाकोळ्यांसारखी पोरं चिखलात शिरल्यासारखी पाय उचलू लागली. बॅजर्सना मात्र काही फरक जाणवला नाही. ते जन्मभर असेच खेळत आले होते. आपल्यालाच आज सगळे भेटायला आले आहेत अशा थाटात ते सावकाश इकडून तिकडे जात राहिले, आणि दोन-एकने जिंकले.

सगळं गाव उभं राहून ओरडत होतं. नेस्तर बर्फाच्या गाडीच्या खोलीत खाली बसला होता.

"एक जिंकले तर काय झालं," तो घरी इर्काला म्हणाला. "पाचवा तिकडे फोर्ट कॅलमला आहे. तिकडे चेचून काढतील."

बुधवारी सकाळी बातमी आली, की पाचवा तिकडे नाही. सहावा नाही आणि सातवाही नाही. चारांत आटपणारच म्हणून कमांडर्सच्या व्यवस्थापकाने त्यांची रिंक त्या आठवड्यापासून सर्कशीला देऊन टाकली होती. बर्फ काढून भुसा पसरून झाला होता, आणि उंट येऊन पोचले होते. उरलेले सगळे सामने आता ड्राय फोर्कला.

नेस्तर संतापाने लाल झाला. "काय बेजबाबदार माणूस असेल! खेळ संपलाच असं धरून चालून हॉल देऊन टाकतात का कुणी? डोकं नको माणसाला?"

इर्काने कॉफीचा कप खाली ठेवला आणि नवऱ्याकडे नुसतं पाहिलं.

पाचव्या सामन्याआधी कोच लॉर्न टेट गाडीच्या खोलीत आला. लॉर्न म्हणजे तोंडात च्युइंगम आणि कपाळाला आठी. यांतलं एकही त्याने कधी टाकलेलं कुणी पाहिलं नाही.

"नेस्तर, मंगळवारी बर्फाला काय केलं होतंस?"

"मी? काही नाही. हवा गरम होती."

"बाहेर बर्फ पडत होता रे."

"आतली हवा."

लॉर्नने थोडा वेळ च्युइंगम चघळलं. "तेच कर. जे काही केलं नव्हतंस ना, ते परत कर."

नेस्तर ताठ उभा राहिला. "हे बघ लॉर्न, तीस वर्षं मी या गावात बर्फ करतोय. मऊ बर्फ मी जाणूनबुजून करणार नाही. माझा काही धर्म आहे की नाही?"

त्याचा धर्म त्या क्षणी असा होता की शक्य तितका उत्तम बर्फ करायचा, म्हणजे कमांडर्सच्या पोरांना पळता येईल, ते जिंकतील, आणि एकदाचं सुटेल. कामातली सचोटी आणि गावाशी गद्दारी यांचा एवढा सुरेख मेळ आमच्याकडे पूर्वी कधी पडला नव्हता. दोन दिवस खपून त्याने जो बर्फ केला तो आरशासारखा होता. त्यात दिवे दिसत होते.

शुक्रवारी कमांडर्स पळाले. काय पळाले! पण आरशावरून चकतीही पळते. शेवटच्या पाच मिनिटांत हर्ब ओलेनिकने दमून, नुसती बला टाळावी म्हणून, आपल्या गोलजवळून चकती पलीकडे टोलवली. ती जी निघाली ती थांबायचं नावच घेईना. कमांडर्सचा गोलरक्षक तेव्हा पाण्याची बाटली तोंडाला लावून उभा होता. बाटली खाली येईपर्यंत चकती आत गेली होती. एक-शून्य. तो सामना पाहायला लोक चर्चच्या सोडतीची उरलेली तिकिटं दाखवून आत आले होते, कारण दुसरी तिकिटं नव्हतीच.

सोमवारच्या सहाव्या सामन्याला नेस्तरने काहीच केलं नाही. ना मऊ, ना कडक. रोजचा, कंटाळवाणा, सरकारी बर्फ. कमांडर्सच्या बचावपटूने आपल्याच गोलरक्षकाच्या पायांतून चकती आपल्याच जाळ्यात घातली. तीन-तीन झाले, म्हणजे सामने. आता गुरुवारी सातवा, आणि शनिवारी लग्न.

हिशोब सोपा होता आणि तो गावातल्या पोरासोरांनाही कळत होता. गुरुवारी बॅजर्स हरले, तर झोप सोडून नेस्तर दोन दिवसांत बर्फ काढेल, फरशी कोरडी करेल आणि शनिवारी हॉल तयार असेल. जिंकले, तर पुढच्या फेरीचा पहिला सामना सोमवारी इथेच, आणि बर्फाला हात लावायचा नाही.

नेस्तर हरण्याची वाट बघतोय हे मात्र कुणाच्या डोक्यातही आलं नाही. उलटच झालं. कॉफीच्या दुकानात वासिल नावाचा शेजारी, ज्याने आयुष्यात नेस्तरला कधी चांगलं म्हटलं नव्हतं, सगळ्यांसमोर खुर्चीवरून उठला.

"पोरीचं लग्न टांगणीला लागलंय, आणि हा माणूस आपल्यासाठी बर्फ सांभाळतोय! एक शब्द तक्रारीचा नाही! याला म्हणतात त्याग!"

"अरे बस खाली वासिल," नेस्तर म्हणाला.

"बघा, बघा! वर नम्रपणा!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. बायका घरी भात भरलेल्या कोबीच्या वळ्या पाठवू लागल्या. अपराधी माणसाची भूक मरते म्हणतात. नेस्तरला तसा अनुभव आला नाही. त्याने सगळ्या वळ्या खाल्ल्या आणि आणखी अपराधी झाला.

गुरुवारी सामन्याआधी ल्युबा गाडीच्या खोलीत आली. उलट्या बादलीवर बसली. लहानपणी इथेच बसायची.

"बाबा, खरं सांग. कोण जिंकावं असं वाटतंय तुला?"

नेस्तरने दार लोटून घेतलं. "फोर्ट कॅलम."

"मलाही," ल्युबा म्हणाली. "मार्कोला सांगू नकोस हं. त्याने तोंड बॅजर्सच्या हिरव्या रंगात रंगवलंय."

"लग्नाआधी निघेल ना तो रंग?"

"डब्यावर निघेल असं लिहिलंय." मग तिने हळूच विचारलं, "हरतील ना रे?"

"हरतील बाळा. बॅजर्सच आहेत ते." हे तो अशा प्रेमाने म्हणाला की ऐकणाऱ्याला तो संघाचा गौरवच वाटला असता.

आणि खरंच तसंच होऊ लागलं. पहिल्या वीस मिनिटांत कमांडर्सचा एक गोल, दुसऱ्या वीस मिनिटांत आणखी दोन. तीन-शून्य. हिरव्या तोंडाचा मार्को तळहातांवर हनुवटी टेकून बसला होता, आणि तळहातही हिरवे झाले होते. नेस्तरला इतकं हलकं वाटत होतं की शेवटच्या सत्राआधी गाडी बाहेर काढताना हसू फुटू नये म्हणून तो खालचा ओठ चावून बसला. मनातल्या मनात तो टेबलं मांडत होता. वाजंत्री गोलच्या बाजूला, केक दंड झालेल्या खेळाडूंच्या बाकाजवळ.

गाडी खेळाडूंच्या दाराशी आली तेव्हा हर्ब ओलेनिक तिथे एकटाच उभा होता. बाकीचे आत गेले होते. गुडघ्यावर बर्फाची पिशवी बांधलेली, दाढी अडीच आठवड्यांची. बाद फेरी चालू असेपर्यंत दाढी करायची नाही ही इथली रीत. दर वर्षी बॅजर्सना आठ दिवसांचे खुंट फुटेपर्यंत फेरीच संपायची. हर्बच्या तोंडावर एवढी दाढी गावाने पहिल्यांदाच पाहिली होती, आणि ती पांढरी निघाली होती.

"नेस्तर."

"बोल."

"हे शेवटचंच माझं. उद्यापासून छपरं. जरा चांगला सारव ना रे. शेवटची वीस मिनिटं चांगल्या बर्फावर काढतो."

तीन गोल मागे पडलेल्या माणसाला चांगला बर्फ दिल्याने जगाचं काय बिघडतं? नेस्तरने गरम पाण्याचा नळ पुरता उघडला, पातं हलकं धरलं आणि गाडी इतकी हळू फिरवली की पंच घड्याळ दाखवू लागले. मागे वाफेचा पट्टा उठत होता आणि त्याच्या मागे बर्फ काचेसारखा बसत चालला होता. मध्यावरच्या लाल रेघेवरून जाताना त्याने सवयीने टोपीला हात लावला.

त्यानंतर काय झालं ते ड्राय फोर्कमधला कुणीही तुम्हाला सांगेल, आणि प्रत्येक जण वेगळं सांगेल. पहिला गोल धक्काबुक्कीत गेला. दुसरा कुणाच्या तरी पाठीला लागून गेला. तिसरा चांगला होता, म्हणून त्यावर कुणाचा विश्वास बसेना. तीन-तीन. खुर्च्यांवर बसलेलं कुणी उरलं नाही. शेवटचं मिनिट चालू असताना चकती हर्बपाशी आली. हर्बला घाई करणं जमण्यासारखं नव्हतंच. त्याने सावकाश वर पाहिलं, सावकाश काठी उचलली. समोरचे दोघे तो आता मारेल म्हणून आधीच आडवे पडले होते आणि सरकत निघून गेले होते. त्या काचेवर त्यांना थांबता येईना. मग हर्बने मारली.

नेस्तर काठाच्या फळीला टेकून उभा होता. त्याला एक भयंकर किंकाळी ऐकू आली. ती आनंदाची होती आणि ती त्याच्याच घशातून निघत होती. दोन्ही हात वर होते. टोपी बर्फावर पडली होती, म्हणजे त्यानेच ती फेकली असणार. ती उचलायलाही नंतर त्यालाच जावं लागलं, कारण बर्फावर पडलेलं उचलणं हे त्याचंच काम होतं.

टोपी झटकत तो वर आला तेव्हा ल्युबा जिन्यात उभी होती. डोळे पुसत होती. मार्कोने मिठी मारल्याने तिचा अर्धा गाल हिरवा झाला होता.

"ल्युबा, बाळ, मी..." नेस्तर म्हणाला.

तिने काहीतरी उत्तर दिलं. पण तिचा आवाज पार बसला होता. घसा दाखवून तिने खुणेने सांगितलं, की ओरडून.

"तूसुद्धा?"

तिने मान हलवली.

शुक्रवारी सकाळी इर्काने स्वयंपाकघरात गावाची बैठक घेतली. बैठक म्हणजे ती बोलली आणि बाकीच्यांनी टोप्या हातात धरून ऐकलं. चारशे माणसं निघाली आहेत. लग्न उद्या आहे. रिंकमध्ये आहे. बर्फासकट आहे. कुणाचं काही म्हणणं? कुणाचंच नव्हतं.

शनिवारी वासिलने आपल्या धान्याच्या कोठारातल्या सगळ्या फळ्या आणल्या. खाली गवताच्या पेंढ्या, वर फळ्या, वर चर्चचे जुने गालिचे, आणि त्यांवर टेबलं. पाहुणे फरचे कोट घालून जेवले. सूप गरम होतं तोपर्यंत सगळ्यांनी वाट्या हातांत धरून ठेवल्या आणि नंतर प्याले. पांढऱ्या दाढीचा हर्ब आणि इतर बॅजर्स कोट-टाय घालून, पायांत स्केट्स चढवून, कोबीच्या वळ्यांची ताटं घेऊन टेबलांमधून सरकत वाढत होते. एवढं झटपट वाढप आमच्याकडे कुठल्याच लग्नात झालं नव्हतं. लॉर्न टेट मात्र जेवण सोडून निळ्या रेघेजवळ पाय फाकून उभा होता, आणि तिच्यावर कुणी सूप सांडत नाही ना हे पाहत होता.

फळ्या मध्यापर्यंत पुरल्या नाहीत. तिथे उघडा बर्फच राहिला, आणि त्यात लाल रेघ.

वाजंत्र्यांनी हातमोज्यांची बोटं कापून घेतली होती. वाद्यं सुरू झाली तसा नेस्तर उठला. ल्युबा पांढऱ्या पोशाखात आली. पोशाखाखालून तिच्या आईचे रबरी बूट दिसत होते. लोक बाजूला झाले. बापलेक हात धरून, न घसरण्याची काळजी घेत, बेताबेताने मध्यावर गेले, बरोब्बर तिथेच, आणि नाचू लागले.

वासिल उघड रडत होता. इर्का रडत नव्हती, पण तिने रुमाल काढून ठेवला होता. खालच्या बर्फात दिवे चमकत होते, आणि नेस्तरला वाटलं की तीस वर्षं आपण जो बर्फ केला तो या एका गोष्टीसाठीच केला असावा. मुलीला काहीतरी सांगावं असं त्याला फार वाटलं. तिच्या लहानपणचं, त्या गाडीवरच्या फेऱ्यांचं, काहीतरी मोठं. तेवढ्यात ल्युबानेच मान वर केली आणि बसलेल्या आवाजात त्याच्या कानाशी म्हणाली,

"बाबा."

"बोल, बाळा."

"कंप्रेसर जरासा उतरवतोस? पाय बधिर झालेत रे माझे."